चकतीची भूमिती : पत्ता, संकेत आणि सत्य

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयात येणाऱ्या वाचकाचा पहिला प्रश्न ‘पुस्तक आहे का?’ हा असतो आणि दुसरा ‘ते कोठे आहे?’ हा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर संग्रह देतो, दुसऱ्याचे उत्तर तालिका देते. तालिका चुकली, तर पुस्तक जागच्या जागी असूनही वाचकाच्या दृष्टीने ते हरवलेलेच असते. शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या संस्थेला हे निराळे सांगावयास नको.

पुस्तकाचा पत्ता लिहिण्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत जागेची. चौथे कपाट, दुसरी फळी, अकरावे पुस्तक असा पत्ता नोंदवहीत लिहावयाचा आणि त्या जागी जाऊन पुस्तक काढावयाचे. ही रीत सोपी खरी. पण कपाटे हलली, फळ्या वाढल्या किंवा ग्रंथालय नव्या वास्तूत गेले की नोंदवहीतील प्रत्येक पत्ता खोटा ठरतो. १८७६ साली मेल्विल ड्यूई यांनी दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी पुस्तकाचा पत्ता भिंतीपासून सोडवून विषयाशी जोडला. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बोर्डेन यांना अमेरिकेतून बडोद्यास आणले, त्यामागेही ग्रंथसंग्रहाला अशी शास्त्रशुद्ध घडी घालण्याचीच दृष्टी होती. दाखल क्रमांकाचे तत्त्वही तेच. पुस्तक कोणत्याही कपाटात ठेवा, त्याचा दाखल क्रमांक बदलत नाही.

संगणकातील हार्ड डिस्क ह्या साठवणुकीच्या साधनाने हाच प्रवास केला. जागेच्या पत्त्यापासून ती क्रमांकाच्या पत्त्यापर्यंत आली. मात्र ह्या प्रवासात मधली काही वर्षे अशी गेली की नोंदवहीत पत्ता जुन्या पद्धतीचा होता, पण त्या पत्त्यातील कपाटे आणि फळ्या प्रत्यक्षात कोठेच नव्हत्या. त्या वर्षांत ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली, डिस्कची ही न दिसणारी ‘भूमिती’ कशी शोधून काढीत असे आणि त्यात चूक झाली म्हणजे काय होत असे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम डिस्कची रचना पाहू. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली चकती-साठवण जाहीर केली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या एका दांड्यावर फिरत आणि त्या सर्वांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. पुढे चकत्या लहान झाल्या, पण मूळ कल्पना कायम राहिली. चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या एका आसाभोवती फिरतात. प्रत्येक पृष्ठभागाजवळ लिहिणारे-वाचणारे एक टोक असते, त्याला हेड म्हणतात. हेड एका जागी स्थिर ठेवून चकती फिरली की तिच्यावर एक वर्तुळ रेखले जाते, तो ट्रॅक. सर्व हेडे एकाच दांडीला जोडलेली असल्याने ती एकदमच आतबाहेर सरकतात. म्हणून वरपासून खालपर्यंत एकाखाली एक येणाऱ्या सर्व ट्रॅकांचा मिळून एक पोकळ नळकांड्यासारखा आकार कल्पिता येतो, तो सिलिंडर. प्रत्येक ट्रॅकचे सारखे तुकडे पाडलेले असतात, ते सेक्टर. एका सेक्टरमध्ये बहुधा ५१२ बाइट, म्हणजे ढोबळमानाने तितकी रोमन अक्षरे मावतात.

ह्यावरून डिस्कवरील कोणत्याही तुकड्याचा पत्ता तीन अंकांत सांगता येतो : कितवा सिलिंडर, कितवे हेड, कितवा सेक्टर. कपाट, फळी, पुस्तक! एखाद्या डिस्कवर एकूण सिलिंडर किती, हेडे किती आणि दर ट्रॅकला सेक्टर किती, ह्या तीन आकड्यांना त्या डिस्कची भूमिती म्हणतात. १९८३ च्या मार्च महिन्यात आलेल्या आय.बी.एम.च्या पीसी-एक्सटी ह्या संगणकातील डिस्कमध्ये ३०६ सिलिंडर, ४ हेडे आणि दर ट्रॅकला १७ सेक्टर होते. ह्यांचा गुणाकार २०,८०८ सेक्टर; आणि प्रत्येकी ५१२ प्रमाणे १,०६,५३,६९६ बाइट. त्या वेळी ही भूमिती खरी होती. डिस्क उघडून पाहिली असती तर चार पृष्ठभाग मोजता आले असते.

त्याच एक्सटी संगणकाबरोबर डॉस ह्या कार्यप्रणालीची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत डिस्कचे विभाग पाडण्याची सोय आली. एका वास्तूत भिंत घालून दोन बिऱ्हाडे करावीत तसे एका डिस्कचे विभाग करून त्यांत निरनिराळ्या कार्यप्रणाली ठेवता याव्यात, हा हेतू. हे विभाग कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात ह्याची नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये केली जाते. त्याच्या ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ संगणक सुरू करणाऱ्या सूचनांसाठी, पुढचे ६४ विभागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ ओळखीच्या खुणेसाठी. ६४ बाइटांत चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटांची. कोट्यवधी अक्षरांच्या संग्रहाची सारी भिस्त ह्या एवढ्याशा तक्त्यावर!

ह्या १६ बाइटांच्या नोंदीत एक गंमत आहे आणि पुढच्या साऱ्या घोळाचे बीजही तेथेच आहे. विभागाची जागा तीत दोन प्रकारे लिहिलेली असते. आरंभीचा आणि शेवटचा पत्ता सिलिंडर-हेड-सेक्टर ह्या त्रिअंकी पद्धतीने, प्रत्येकी ३ बाइटांत. आणि शिवाय आरंभीच्या सेक्टरचा सलग क्रमांक व विभागातील एकूण सेक्टरांची संख्या, प्रत्येकी ४ बाइटांत. म्हणजे एकाच पुस्तकाची नोंद कपाट-फळीनेही आणि दाखल क्रमांकानेही. दोन्ही एकमेकांशी जुळतात तोवर काहीच बिघडत नाही. पण ती जुळवावयाची तर डिस्कची भूमिती माहीत असलीच पाहिजे. शिवाय विभाग नेहमी सिलिंडरच्या सीमेवर संपवावा असा प्रघात पडला होता. तोही भूमिती ठाऊक असल्याखेरीज पाळता येत नाही.

मग कार्यप्रणालीला भूमिती कळावी कशी? सुरुवातीला हे काम माणसावरच सोपविलेले होते. एक्सटीमध्ये डिस्क चालविणाऱ्या कार्डाच्या स्थायी स्मृतीत काही मोजक्या नमुन्यांची यादी असे. १९८४ च्या पीसी-एटी संगणकात ही यादी बायोसमध्ये आली. बायोस म्हणजे संगणकाच्या मुख्य फलकावर कायम कोरलेला प्राथमिक सूचनासंच. डिस्क यादीतील कोणत्या प्रकारची आहे, तो क्रमांक माणसाने एकदा भरावयाचा आणि एका लहानशा बॅटरीच्या आधाराने संगणकाने तो लक्षात ठेवावयाचा. बाजारात नवनव्या डिस्क आल्या तशी यादी अपुरी पडू लागली, तेव्हा अनेक बायोसांनी सत्तेचाळिसावा प्रकार ‘वापरणाऱ्याने स्वतः भरावा’ म्हणून मोकळा ठेवला. डिस्कवर चिकटविलेल्या कागदावरचे आकडे त्यात उतरवून घ्यावे लागत. बॅटरी संपली की संगणकाला विस्मरण होई, आणि तो कागद फाटला असेल तर डिस्क धडधाकट असूनही तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बंद होई.

१९८६ च्या सुमारास आयडीई पद्धतीच्या डिस्क आल्या. डिस्क चालविणारी यंत्रणा आता डिस्कच्याच अंगावर बसविलेली होती, त्यामुळे डिस्कला प्रश्न विचारणे शक्य झाले. ‘तू कोण?’ अशी आज्ञा पाठविली की डिस्क ५१२ बाइटांचे एक ओळखपत्र परत पाठवी. त्यात तिचे नाव, अनुक्रमांक आणि सिलिंडर, हेड, सेक्टर ह्यांचे आकडे असत. आता माणसाने कागद वाचण्याची गरज उरली नाही, प्रश्न सुटला, असे वाटावे. पण नेमक्या ह्याच सुमारास डिस्क खरे सांगेनाशी झाली.

ह्यात लबाडी नव्हती. चकतीच्या बाहेरच्या कडेचे वर्तुळ आतल्या वर्तुळापेक्षा मोठे असते हे शाळकरी मुलालाही कळते. दोहोंवर सारखेच सेक्टर ठेवले तर बाहेरची बरीच जागा वाया जाते. म्हणून कारखानदारांनी चकतीचे पट्टे पाडले आणि बाहेरच्या पट्ट्यात अधिक, आतल्या पट्ट्यात कमी सेक्टर ठेवण्यास आरंभ केला. १९९० नंतर ही पद्धत सर्रास झाली. आता ‘दर ट्रॅकला सेक्टर किती?’ ह्या प्रश्नाला एक उत्तरच उरले नाही. तरी ओळखपत्रात त्यासाठी एकच रकाना होता आणि तो भरणे भाग होते. तेव्हा डिस्क गुणाकार बरोबर यावा असे तीन सोयीचे आकडे सांगू लागली. दोन चकत्यांची डिस्क आपल्याला सोळा हेडे असल्याचे सांगे. भूमिती नावापुरती राहिली. खरी जागा कोणती हे फक्त डिस्कच्या आतल्या यंत्रणेला ठाऊक.

ही कल्पित भूमितीही एकच असती तर निभावले असते. पण पत्ता डिस्कपर्यंत पोहोचताना दोन कारकुनांच्या हातून जात असे आणि दोघांचे छापील अर्ज वेगळे होते. बायोसच्या अर्जात सिलिंडरसाठी दहा, हेडसाठी आठ आणि सेक्टरसाठी सहा द्विमान अंकांची जागा होती. म्हणजे जास्तीत जास्त १,०२४ सिलिंडर, २५६ हेडे आणि ६३ सेक्टर. सेक्टरांची मोजणी शून्याऐवजी एकापासून होते, म्हणून ६४ नव्हे तर ६३. डिस्कच्या अर्जात मात्र सिलिंडरसाठी सोळा, हेडसाठी चार आणि सेक्टरसाठी आठ अंकांची जागा होती. म्हणजे ६५,५३६ सिलिंडर, पण हेडे फक्त १६. पहिल्या अर्जात सुमारे ८४५ कोटी बाइटांपर्यंतचे पत्ते मावत, दुसऱ्यात सुमारे १३,६९० कोटींपर्यंतचे. पण एकच पत्ता दोन्ही अर्जांत बसावयाचा, तर प्रत्येक रकान्यातील लहान मर्यादा पाळावी लागे : १,०२४ सिलिंडर, १६ हेडे, ६३ सेक्टर. गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट. दोन्ही घरे प्रशस्त, पण दोहोंना जोडणारे दार अरुंद, अशी ही स्थिती. १९९३-९४ च्या सुमारास डिस्क ह्या दारापेक्षा मोठ्या होऊ लागल्या.

त्यावर उपाय निघाला तो भाषांतराचा. समजा डिस्क म्हणते की तिला २,१०० सिलिंडर, १६ हेडे आणि ६३ सेक्टर आहेत. बायोसच्या रकान्यात २,१०० मावत नाहीत. म्हणून बायोस सिलिंडर निम्मे आणि हेडे दुप्पट करतो, आणि गरज पडल्यास पुन्हा तेच करतो. ५२५ सिलिंडर, ६४ हेडे, ६३ सेक्टर, गुणाकार तोच. कार्यप्रणालीला तो हे नवे आकडे सांगतो आणि तिने दिलेला पत्ता डिस्ककडे पाठविताना मनातल्या मनात उलटवून घेतो. आणखी मोठ्या डिस्कसाठी २५५ हेडे आणि ६३ सेक्टर ही जोडी रूढ झाली. २५६ ऐवजी २५५, कारण जुन्या डॉसला २५६ हेडांचा हिशेब झेपत नसे.

येथे धोका काय आहे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. डिस्कच्या आरंभापासून शून्य धरून मोजले असता जो सेक्टर दहा लाख ह्या क्रमांकाचा येतो, तो घेऊ. १६ हेडे आणि ६३ सेक्टर ह्या भूमितीत त्याचा पत्ता होतो सिलिंडर ९९२, हेड १, सेक्टर २. तोच सेक्टर २५५ हेडे आणि ६३ सेक्टर ह्या भूमितीत होतो सिलिंडर ६२, हेड ६३, सेक्टर २. जागा एकच, पत्ते दोन. आता पहिल्या हिशेबाने लिहिलेला पत्ता एखाद्याने दुसऱ्या हिशेबाने वाचला, तर तो डिस्कवर ५१ कोटी २० लाखाव्या बाइटाशी जाण्याऐवजी ८१५ कोटी ९५ लाखांच्याही पुढे जाऊन पोहोचेल. तेथे त्याला दुसऱ्याच कोणाचा मजकूर सापडेल किंवा काहीच सापडणार नाही. आणि तो तेथे वाचण्याऐवजी लिहू लागला, तर जे जाईल ते परत मिळणार नाही. एका संगणकात भरलेली डिस्क दुसऱ्या संगणकात लावली की पुष्कळदा ती वाचता येत नसे, त्याचे कारण हेच. डिस्क तीच होती. वाचणाऱ्याचा हिशेब बदललेला होता.

ह्यावर खरा उपाय दाखल क्रमांकाचा. सर्व सेक्टरांना शून्यापासून सलग क्रमांक द्यावयाचे आणि कपाट-फळीची भाषाच सोडून द्यावयाची. ह्याला एलबीए असे नाव आहे. १९९४ साली फिनिक्स ह्या कंपनीने बायोससाठी अशा सलग क्रमांकाने वाचण्या-लिहिण्याच्या नव्या आज्ञांचा मसुदा काढला आणि पुढे तो सर्वत्र स्वीकारला गेला. ८४५ कोटी बाइटांहून मोठ्या डिस्क तर जुन्या पद्धतीने मोजताच येत नव्हत्या. तेव्हा असे ठरले की अशा प्रत्येक डिस्कने भूमिती विचारली असता एकच ठरावीक उत्तर द्यावे : १६,३८३ सिलिंडर, १६ हेडे, ६३ सेक्टर. ह्या उत्तराचा अर्थ एवढाच की ‘मला भूमिती विचारू नका, एकूण सेक्टर किती ते दुसऱ्या रकान्यात पाहा’.

परंतु विभागांचा तक्ता जुनाच राहिला होता आणि त्यातील त्रिअंकी पत्त्यांवर विसंबणारे जुने कार्यक्रमही चालू होते. म्हणून विभाग पाडणाऱ्याला भूमितीची गरज संपली नाही. खरी भूमिती उरलीच नव्हती, तेव्हा प्रश्न बदलला. ‘ह्या डिस्कची भूमिती कोणती?’ असा तो राहिला नाही. ‘ह्या डिस्कवर आधी ज्यांनी लिहिले त्यांनी कोणती भूमिती धरली होती?’ असा तो झाला. पहिला प्रश्न मोजमापाचा आहे, दुसरा साक्षीपुराव्याचा.

साक्षीदार तीन होते. पहिला बायोस. डॉस आणि तिच्या कुळातील कार्यप्रणाली डिस्कशी बायोसमार्फतच बोलत, त्यामुळे त्या त्याचे म्हणणे मुकाट्याने मानीत. लिनक्सची गोष्ट निराळी. ती एकदा सुरू झाली की बायोसला बाजूला सारून डिस्कशी थेट बोलते. सुरू होतानाच बायोसला काय ते विचारून ठेवता येई. पण बायोस ज्याला ‘पहिली डिस्क’ म्हणतो ती लिनक्सच्या मोजणीत कितवी, हे अनेक डिस्क असल्यास खात्रीने सांगता येत नसे. दुसरा साक्षीदार डिस्क स्वतः. तिची साक्ष सर्वांत अधिकृत आणि सर्वांत निरुपयोगी, कारण बायोसने केलेले भाषांतर तिच्या कानावर कधी गेलेलेच नसे.

तिसरा साक्षीदार विभागांचा तक्ता, आणि त्याची उलटतपासणी फार चतुराईची होती. विभाग सिलिंडरच्या सीमेवर संपवावा असा प्रघात होता, हे मघाशी सांगितलेच आहे. सिलिंडर संपतो म्हणजे त्यातील शेवटचे हेड आणि शेवटचा सेक्टर येतो. तेव्हा तक्त्यात एखाद्या विभागाचा शेवट ‘हेड २५४, सेक्टर ६३’ असा लिहिलेला आढळला, तर लिहिणाऱ्याने २५५ हेडे आणि ६३ सेक्टर धरले होते हे उघड होते, कारण हेडांची मोजणी शून्यापासून आहे. जुन्या हस्तलिखितात लेखनकाल दिलेला नसावा आणि अक्षराच्या वळणावरून संशोधकाने तो ठरवावा, तसाच हा प्रकार. तक्ता कोरा असला तर मात्र रूढ आकडे धरून चालावे लागे. लिनक्सची जुनी आवृत्ती हे सारे साक्षीपुरावे गोळा करून अंदाज बांधी आणि तो बहुतेक वेळा बरोबर येई.

डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची २.६ ही आवृत्ती निघाली. तिच्या कर्त्यांनी ठरविले की गाभ्याने असे तर्क लढवू नयेत. भूमिती कल्पित आहे, गाभ्याला तिची गरज नाही; कोणी विचारलेच तर डिस्क जे सांगते ते जसेच्या तसे पुढे पाठवावे. तत्त्व म्हणून ह्यात काहीच चूक नव्हती. उलट प्रामाणिकपणा होता. पण विभाग पाडणारे कार्यक्रम इतकी वर्षे गाभ्याच्या उत्तरावर विसंबून होते.

परिणाम मे २००४ मध्ये दिसला. त्या महिन्यात फेडोरा कोअर २ हा लिनक्सचा संच प्रसिद्ध झाला. एका डिस्कवर विंडोज एक्सपी आणि तिच्या शेजारच्या विभागात लिनक्स ठेवणारे पुष्कळ लोक होते. त्यांच्यापैकी काहींनी नवा संच बसविला आणि त्यानंतर त्यांची विंडोज सुरूच होईना. घडले ते असे. बसविणाऱ्या कार्यक्रमाने गाभ्याला भूमिती विचारली. गाभ्याने डिस्कचे म्हणणे सांगितले : हेडे १६. विंडोजचा विभाग पाडला गेला होता तो २५५ हेडे धरून. कार्यक्रमाने तक्ता पुन्हा लिहिताना विंडोजच्या विभागाचेही त्रिअंकी पत्ते १६ च्या हिशेबाने बदलून टाकले. संगणक सुरू करणाऱ्या जुन्या सूचना त्या पत्त्यांवर किंवा त्यांवरून बांधलेल्या भूमितीवर विसंबत. त्या चुकीच्या जागी जाऊन पोहोचल्या आणि पुढे काहीच होईना. इतर काही लिनक्स संचांतही त्या काळात हाच दोष आढळला.

त्या संगणकांसमोर बसलेल्या माणसांची मनःस्थिती काय झाली असेल ह्याची कल्पना करता येते. वर्षांचे काम, पत्रे, हिशेब, छायाचित्रे सारे गेले असेच प्रथमदर्शनी वाटावे. पण वस्तुतः एक अक्षरही गेले नव्हते. तक्त्यातील सलग क्रमांक बरोबर होते, मजकूर जागच्या जागी होता. बिघडले होते ते फक्त त्रिअंकी पत्ते, विभागामागे सहा बाइट. उपायही त्या मानाने साधाच निघाला. काही संगणकांत बायोसला डिस्कचा प्रकार आपोआप ओळखण्याऐवजी नेमकी एलबीए पद्धत वापरण्यास सांगितले की काम भागे. इतरांत तक्ता २५५ हेडे धरून पुन्हा लिहिला की विंडोज पूर्ववत सुरू होई. खरे नुकसान झाले असेल तर ते घाईचे. सर्वस्व बुडाले असे समजून जो डिस्क पुसून नव्याने भरावयास बसेल, त्याचे मात्र सगळे खरोखरच जावयाचे.

ह्या प्रकरणात दोष कोणाचा, ह्याचा निवाडा करणे सोपे नाही. डिस्कने ठरल्याप्रमाणे उत्तर दिले. गाभ्याने ते न बदलता पुढे पाठविले. विभाग पाडणाऱ्याने मिळालेल्या माहितीवरून हिशेब केला. प्रत्येकाचे वागणे आपापल्या जागी रास्तच होते, तरी वाट चुकली. कारण पत्ता हा सत्याचा विषय नसून कराराचा विषय आहे. ज्याने लिहिले आणि जो वाचणार, त्या दोघांचा हिशेब एक असला पाहिजे. २५५ हेडे ही कल्पना होती, पण सर्वांनी मानलेली कल्पना होती. १६ हेडे हीसुद्धा कल्पनाच, पण ती कोणाशी ठरलेली नव्हती. एक संकेत मोडावयाचा असेल तर त्यावर विसंबणाऱ्या सर्वांना आधी सांगावे लागते, हा धडा ह्या घटनेने दिला. म्हणूनच असलेल्या विभागाच्या नोंदीला कारण नसताना हात लावू नये, हे विभाग पाडणाऱ्या कार्यक्रमांचे पहिले पथ्य मानावयास हवे.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. जुन्या प्रघाताप्रमाणे पहिला विभाग एक पूर्ण ट्रॅक सोडून, म्हणजे ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होत असे. २०१० च्या सुमारास ४,०९६ बाइटांचे सेक्टर असलेल्या डिस्क बाजारात आल्या. जुन्या कार्यक्रमांसाठी त्या आपले सेक्टर ५१२ चेच असल्याचे भासवीत. म्हणजे आत एक, बाहेर आठ. ६३ ला आठाने भाग जात नाही. त्यामुळे ६३ पासून सुरू झालेल्या विभागातील मजकूर दोन-दोन खऱ्या सेक्टरांवर अर्धा-मुर्धा पसरे आणि लिहिताना डिस्कला दुप्पट कष्ट पडत. कल्पित ट्रॅकच्या मानापोटी खरी डिस्क मंदावली! २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने विभाग २,०४८ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करण्याची पद्धत आधीच स्वीकारली होती आणि लिनक्सचे कार्यक्रमही नंतर तिकडे वळले. त्याबरोबर सिलिंडरच्या सीमेचा प्रघात संपला. लिनक्सचा गाभा २००९ पासून डिस्कला निराळेच प्रश्न विचारू लागला : खरा सेक्टर केवढा, दाखविण्याचा केवढा, लिहिणे कोणत्या मापात सोयीचे? ही नवी भूमिती. पण हिची उत्तरे पत्ता ठरवीत नाहीत, फक्त सोय सांगतात. उत्तर चुकले तर वेग कमी होतो, मजकूर हरवत नाही.

जुन्या तक्त्यातील सलग क्रमांकांनाही मर्यादा होती. ४ बाइटांच्या क्रमांकात ५१२ बाइटांच्या सेक्टरांनी सुमारे २,१९,९०० कोटी बाइटांपलीकडे जाता येत नाही. त्याच्या जागी जीपीटी हा नवा तक्ता आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलने बायोसऐवजी जी ईएफआय पद्धत आखली, तिच्याबरोबरचा हा तक्ता. त्यात त्रिअंकी पत्ता मुळीच नाही. चारऐवजी सामान्यतः १२८ नोंदींची सोय आहे. तक्ता बिघडला असल्यास ओळखता यावा म्हणून त्यात पडताळ्याचा आकडा आहे, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. तरीही पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या पद्धतीचा एक दिखाऊ तक्ता ठेवतातच. त्यात एकच नोंद असते, ‘ही डिस्क भरलेली आहे’ अशा अर्थाची. हेतू हा की एखाद्या जुन्या कार्यक्रमाने ती कोरी समजून पुसू नये. ज्यांना नवी लिपी येत नाही त्यांच्यासाठी दारावर जुन्या लिपीत लावलेली ही पाटीच म्हणावयाची.

आज अनेक संगणकांत फिरणारी चकतीच नसते. घन-स्थिती साठवणुकीत ना सिलिंडर, ना हेड. त्यातील मजकूर आतल्या आत जागा बदलत राहतो आणि सलग क्रमांक मात्र कायम राहतो. तरीही जुना तक्ता वापरला की त्या सहा बाइटांत काहीतरी लिहावेच लागते. मर्यादेपलीकडच्या पत्त्यांसाठी तेथे रकान्यात मावणारा सर्वांत मोठा पत्ता भरून ठेवतात. १९८३ साली डिस्कमध्ये खरोखर असलेल्या चार हेडांची ही अखेरची सावली.

सभ्य श्रोतेहो, ग्रंथालयांच्या तालिका आता संगणकावर चढल्या आहेत. जुनी दुर्मीळ पुस्तके छायाप्रतींच्या रूपाने डिस्कवर साठविली जात आहेत. तेव्हा हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. त्यातून व्यवहारात उतरविण्याजोग्या गोष्टी तीनच. डिस्कच्या विभागांना हात लावण्यापूर्वी विभागांच्या तक्त्याची प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. ती फार थोडी जागा घेते आणि प्रसंगी सारा संग्रह परत मिळवून देते. डिस्क वाचता येईना म्हणून ती रिकामी झाली असे समजून तिच्यावर लगेच काही लिहू नये. पुष्कळदा हरवलेला असतो तो पत्ता, मजकूर नव्हे. आणि तक्त्याची प्रत म्हणजे मजकुराची प्रत नव्हे. डिस्क स्वतःच निकामी झाली तर कोणताही पत्ता उपयोगी पडत नाही. म्हणून मोलाच्या संग्रहाची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि शक्य तर दुसऱ्या वास्तूत असावी.

शंभर वर्षांत ग्रंथालयाची कपाटे बदलतात, वास्तू बदलते, नोंदी करणारे हात बदलतात. तरी आज एखादा वाचक येऊन जुन्या दाखल क्रमांकाचे पुस्तक मागतो आणि ते त्याच्या हाती पडते. मधल्या प्रत्येक ग्रंथपालाने आधीच्याने लिहिलेला पत्ता समजून घेऊन पुढे चालविला, म्हणून हे घडते. डिस्कच्या भूमितीची सारी कथा ह्याहून निराळे काही सांगत नाही.